युद्धाच्या तोंडावर राहणाऱ्यांना पैसे द्या, पण रांग लावायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की युद्ध चालू असलेल्या भागात लोकांना रोख पैसे वाटणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, त्यापेक्षा धान्य द्या, औषधं द्या, ब्लँकेटं द्या, पैसे दिले की ते फिरून बंदूकवाल्यांच्याच खिशात जाणार. वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी ठाण्यात चरईत राहते, सगळी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. युद्धातलं मला काय कळतंय, पण नोट कुठून येते, कुठे अडकते नि ती म्हाताऱ्या माणसाच्या हातात पडेपर्यंत त्याचे काय हाल होतात हे मला चांगलं माहितीये, आणि या प्रश्नात निम्मी भानगड तीच आहे.

आधी ते धान्य-ब्लँकेटचं घेते. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा आपल्या ठाण्यातून ट्रकच्या ट्रक गेले. आमच्या सोसायटीतली गाठोडी बांधायला मीपण होते, त्यात लग्नातल्या जरीच्या साड्या निघाल्या, मुलांचे शाळेचे तोकडे झालेले युनिफॉर्म निघाले, एकाने तर कोट दिला होता, सूटमधला. तिकडे लोकांना चिखल उपसायला फावडं पाहिजे होतं, गॅसची शेगडी पाहिजे होती, बाईमाणसाला लागणाऱ्या वस्तू पाहिजे होत्या, ते कोणी पाठवलं असेल नसेल देव जाणे. सरकारने तेव्हा शहरातल्या घराला १५ हजार नि गावातल्या घराला १० हजार जाहीर केले होते आणि त्यातले ५ हजार रोख हातात द्यायचे ठरवले, कारण उघड होतं, बँका पाण्यात नि एटीएम बंद. हे कोणाला तरी सुचलं याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं होतं. उलट धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोचे स्टिकर निघाले त्यावरून केवढा बोभाटा झाला ते आपल्याच पेपरात छापून आलं असेल. नोटेवर स्टिकर चिकटवता येत नाही, हा तिचा गुण कोणी मोजतच नाही.

आता पैसे दिले की लोक उडवतात, हे. तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्यांत हा विषय निघाला की हमखास लाडकी बहीणवर गाडी जाते. जाऊ दे, त्यात मी पडत नाही, फक्त एवढंच सांगते की आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंचे दीड हजार कुठे जातात ते मी बघते, मुलीच्या क्लासला नि रिक्षाला. घर सोडून पळालेला माणूसपण तेच करतो, भाडं, औषध, मोबाईलचा रिचार्ज, कारण रिचार्ज नसेल तर मागे राहिलेल्या आईला फोन कसा लावणार, आणि रिचार्ज काही ट्रकमध्ये भरून पाठवता येत नाही.

तर मूळ प्रश्न, की फ्रंटच्या जवळ, म्हणजे प्रत्यक्ष लढाई चालते त्या रेषेजवळ, हे जमतं का. युक्रेनमध्ये बऱ्यापैकी जमलंय. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने हल्ला केला तेव्हापासून तिथे यूएनच्या नि बाकीच्या संस्थांनी धान्याच्या जोडीला मोठ्या प्रमाणावर पैसेच दिले, आधी माणशी महिना २,२२० रिव्निया (तिथलं चलन) होते, पुढे ३,६०० झाले आणि तीन महिन्यांचे मिळून १०,८०० एकदम. ३,६०० म्हणजे आपले सात-साडेसात हजार धरा. शिवाय घरदार सोडून आलेल्यांना तिथलं सरकार वेगळं देतं, मोठ्या माणसाला महिना २,००० नि मुलांना नि अपंगांना ३,०००. हे शक्य झालं कारण तिथल्या बँका चालू राहिल्या, सरकारचं दिया नावाचं अॅप युद्धाच्या आधीपासून लोकांच्या फोनमध्ये होतं, आणि दुकानं उघडी होती. क्रामातोर्स्कसारख्या शहराजवळ फ्रंट येऊन ठेपला तरी तिथे बाजार नि कॅफेसुद्धा बराच काळ चालू होते. दुकानात ब्रेड आहे नि माणसाच्या खात्यात पैसा आहे, मग मधे ट्रकवाल्याचं काम काय?

पण हे शहरातलं झालं. फ्रंटच्या अगदी तोंडावरच्या खेड्यात कोण उरतं, तर म्हातारी माणसं. तरुण जातात, मुलंबाळं असलेली जातात, सत्तरीच्या आजी गाय सोडून जात नाहीत, कोंबड्या सोडून जात नाहीत, आणि जाऊन करायचं काय, शहरातलं भाडं पेन्शनमध्ये बसत नाही. या आजींकडे स्मार्टफोन नाही, गावातलं एटीएम कधीच बंद पडलंय, बँकेची ब्रँच गुंडाळलीय. त्यांच्याकडे पेन्शन घेऊन जाते ती तिथल्या पोस्टाची गाडी, उक्रपोश्ता म्हणतात त्याला. गाडीतच पोस्ट असतं, त्यात पेन्शन मिळते, लाइट-पाण्याचं बिल भरता येतं, तेल-साखर-पीठसुद्धा विकत मिळतं. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं, की खरं बँकिंग ते हे, बाकी आपण एसीत बसून फॉर्म भरून घेतो.

आणि मग २०२५ च्या ९ सप्टेंबरला दोनेत्स्क भागातल्या यारोवा नावाच्या गावात अशीच पेन्शन वाटप चालू असताना वरून बॉम्ब पडला. वीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळी पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं. त्यानंतर तिकडे वाटपाची पद्धत बदलायला घेतली.

मला ती बातमी वाचून लगेच युक्रेनमधलंच खारकीव शहर आठवलं. आमच्या मागच्या बिल्डिंगमधला एक मुलगा तिथे मेडिकलला होता. युद्ध सुरू झालं त्या संध्याकाळी त्याचे आईबाबा माझ्याकडे आले, काकू, पैसे कसे पाठवायचे तेवढं सांगा. आता पैसे त्याच्या खात्यात होते हो, घरचे नेमाने पाठवत होते. पण तिकडच्या सेंट्रल बँकेने पहिल्याच दिवशी रोख काढण्यावर दिवसाला एक लाख रिव्नियाची मर्यादा घातली आणि डॉलर-युरो काढणं बंदच केलं. एक लाख म्हणजे विद्यार्थ्याला रग्गड, मर्यादेचं काही नाही, पण मशीनमध्ये नोटा तर पाहिजेत, एटीएमसमोर ही रांग, आणि स्टेशनपर्यंत सोडायला टॅक्सीवाला डॉलर मागतोय. मी काय सांगणार, सांगितलं रांगेत उभा राहू नको म्हणावं, मित्रांकडे असतील तेवढे एकत्र करा नि निघा. तो ऑपरेशन गंगाच्या, म्हणजे आपल्या सरकारने तिथल्या भारतीयांना आणायला पाठवलेल्या, विमानाने सुखरूप आला. पण १ मार्चला त्याच शहरात कर्नाटकातला एक मेडिकलचाच विद्यार्थी गेला, तो खायचं सामान आणायला बाहेर पडला होता आणि दुकानाच्या रांगेत उभा होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पैसे द्यायचे की वस्तू यावर जे वाद होतात ना, त्यात रांग कोणी धरतच नाही. धान्याला रांग असते, पैशालापण असते. हल्ली ड्रोन पंधरा-वीस किलोमीटर आतपर्यंत येऊन एकेक माणूस हेरतात, युक्रेनमधल्या खेरसोनमध्ये तर बसस्टॉपवर उभ्या असलेल्या लोकांवर येतात, तिथे रस्त्यांवर जाळ्या टांगल्यात, अशा ठिकाणी शंभर माणसं एका वेळी एका चौकात बोलावणं हाच गुन्हा आहे, मग हातात द्यायला काहीही असो. पैशाचा फायदा इतकाच की तो रांगेशिवाय देता येतो, फोनवर देता येतो, रात्री देता येतो, माणूस दुसऱ्या गावी पोचल्यावर देता येतो. धान्याचं पोतं असं देता येत नाही. पण हा फायदा घ्यायचा तर आधीपासून तयारी पाहिजे, आणि तिथेच सगळे मार खातात.

खात्यात पैसा येणं नि हातात पैसा येणं यातलं अंतर आपल्या लोकांना नोटाबंदीत चांगलं कळलंय. २०१६ च्या नोव्हेंबरात आमच्या काउंटरला दोन हजाराची नवी गुलाबी नोट मिळाली म्हणून खूष होऊन गेलेले आजोबा तासाभराने परत आले, जांभळी नाक्याला दोन जुड्या पालक नि अर्धा किलो कांद्यासाठी ती कोणी घेईना, सुटे कुठून आणणार भाजीवाला. आमच्याकडेही शंभरच्या नोटा संपलेल्या. आजोबा चिडले नाहीत, तिथेच बाकावर बसून राहिले, ते बघवत नव्हतं.

गाझात हेच पण कितीतरी भयंकर झालं. २०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध सुरू झाल्यावर इस्रायलने तिथे नव्या नोटा आतच येऊ दिल्या नाहीत, बँकांच्या ब्रँचेस उद्ध्वस्त. बाहेरच्या नातेवाइकांनी, संस्थांनी पाठवलेला पैसा खात्यात दिसतोय, पण शेकेलची, म्हणजे तिथल्या चलनाची, नोट हातात घ्यायची तर दलालाला कमिशन, काही काळ तर शंभराला तीस-चाळीस. नोटा वापरून वापरून इतक्या विरल्या की दुकानदार घेईनात, मग फाटक्या नोटा चिकटवून, पुसून देणारे लोक बसायला लागले, त्याचाही रेट. बँकेत असताना फाटकी नोट बदलून द्यायला कटकट करणारे माझे सहकारी मला आठवले. त्यावर युनिसेफने मोबाइल वॉलेटमध्ये पैसे टाकणं वाढवलं, म्हणजे नोटेला हातच लावायचा नाही, दुकानदाराच्या वॉलेटला थेट द्यायचे. थोडंफार चाललं. पण दुकानात मालच नसेल तर वॉलेट चाटायचंय का.

इथे त्या पत्रलेखकांचं म्हणणं बरोबर आहे हे मान्य केलं पाहिजे. सुदानमध्ये अल फाशर शहराला २०२४ च्या मेपासून जवळजवळ दीड वर्ष वेढा होता, वेढा घालणारे आत काही येऊ देत नव्हते, तिथे लोक शेंगदाण्याची पेंड खात होते. आपण जी म्हशीला घालतो ती. तिथे पैसे पाठवून भाव वाढण्यापलीकडे काय होणार, तिथे रस्ताच उघडायला पाहिजे होता, तो कोणी उघडला नाही, २०२५ च्या ऑक्टोबरात शहर पडलं आणि पुढे काय झालं ते लिहवत नाही.

पण त्याच सुदानमध्ये दुसरीकडे बघा. बँकाक नावाचं एक अॅप आहे, तिथल्या एका बँकेचं, आपल्या यूपीआयसारखं समजा. परदेशातले सुदानी लोक त्यावरून पैसे पाठवतात, आणि गल्लीतल्या पोरापोरींनी इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम म्हणून गट केलेत ते त्या पैशातून सार्वजनिक चूल चालवतात, मसूर, ज्वारी जे मिळेल ते शिजवतात. २०२४ च्या फेब्रुवारीत जवळजवळ सगळ्या देशातलं नेटवर्क गेलं, अॅप बंद तर चूल बंद. मग लोकांनी स्टारलिंकच्या, म्हणजे उपग्रहावरून नेट देणाऱ्या, डिश लावल्या आणि जुन्या सायबर कॅफेसारखे तासावर पैसे घेऊन नेट द्यायला लागले. मोठ्या संस्थांचे ट्रक परवानग्यांच्या कागदांत अडकलेले असताना हे चालू होतं.

राहिला बंदूकवाल्यांचा मुद्दा. जातात, पैसे त्यांच्याकडे जातातच थोडेफार, नाही म्हणून चालणार नाही. पण धान्याचा ट्रक दर नाक्यावर थांबतो, दर नाक्यावर काही पोती उतरतात, ती दुसऱ्या दिवशी बाजारात दिसतात. फोनवरून गेलेल्या पैशाचा निदान माग राहतो, कोणाच्या खात्यातून कोणाकडे गेला ते दिसतं. आणि उगाच पैशाला नावं ठेवणाऱ्यांनी हेपण लक्षात घ्यावं की २०२१ च्या शेवटापासून काबूलला यूएननेच विमानातून डॉलरच्या थप्प्या नेल्या, कारण तालिबान आल्यावर बँका कोलमडल्या होत्या नि दुसरा मार्ग नव्हता. मला तर तेव्हा त्या विमानातल्या कॅशियरची काळजी वाटत होती, मोजून कोणी घेतलं असेल आणि पावतीवर सही कोणाची.

मला जास्त भीती यादीची वाटते. पैसे द्यायचे म्हणजे नाव, पत्ता, ओळखपत्र, खाते नंबर, सगळं लिहून घ्यायचं. फ्रंट पुढेमागे सरकतो. खेरसोन २०२२ च्या मार्चमध्ये रशियाकडे गेलं नि ११ नोव्हेंबरला युक्रेनने परत घेतलं. मधल्या काळात रशियाने तिथल्या लोकांना दहा-दहा हजार रूबल वाटले, आणि ते घ्यायला पासपोर्टचे डिटेल्स द्यायचे. उपाशी माणूस घेणारच. पण एकदा घेतले की तुमचं नाव एका यादीत, मग उद्या दुसरी बाजू आली की ती विचारणार, का घेतले? आधी युक्रेनची पेन्शन घेणारे कोण, त्याची यादी रशियाला सापडली तर तोच प्रश्न उलटा. बँकेत आम्ही केवायसी केवायसी करून लोकांचा जीव खातो, तिथे केवायसीने खरोखर जीव जाऊ शकतो. त्यामुळे संस्थांनी कमीत कमी माहिती घ्यावी आणि ती त्या गावात ठेवूच नये, एवढं तरी.

मग काय करावं? तर पैसे आधी द्यावेत. नुकसान झाल्यावर, पंचनामा झाल्यावर, फोटो काढल्यावर वगैरे नको, माणूस निघायच्या वेळी. युक्रेनमध्ये पाव्लोह्रादला असं सेंटर होतं, फ्रंटवरच्या गावातून बसने आणलेली माणसं तिथे उतरली की चहा, डॉक्टर, कागदपत्रं नि पैशाची नोंदणी एकाच छताखाली. हे फ्रंटपासून लांब, म्हणजे रांग लागली तरी वरून काही पडायची भीती कमी. तरी लोक परत जातात हेही खरंय, तीन महिन्यांचे पैसे संपले, भाडं परवडेना, की परत त्याच गावात, तोफांखाली, कारण तिथे निदान स्वतःचं घर आहे. म्हणजे एकदा रक्कम दिली नि काम झालं असं होत नाही, भाड्याला पुरेल इतकी नि काम मिळेपर्यंत द्यावी लागते. पैसा कमी पडतो तो इथे, आणि देणारे देशही हल्ली हात आखडता घेतायत.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपलं जम्मू-काश्मीरमधलं पूंछ घ्या. २०२५ च्या ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच दिवसापासून पूंछ शहरात पाकिस्तानच्या तोफा धडकल्या, माणसं गेली, घरं पडली, लोक मिळेल त्या गाडीने सुरणकोटला, जम्मूला पळाले, उरीतले बारामुल्लाला. १० मेला शस्त्रसंधी. मृतांच्या घरच्यांना दहा लाख जाहीर झाले ते ठीकच. घरांसाठीची वाढीव मदत, जास्त पडलेल्या घराला दोन लाख, थोडं पडलेल्याला एक, ती पंतप्रधानांनी ६ जूनला कटऱ्यात जाहीर केली. महिना झाला तोवर. रक्कम वाईट नाही, पण ७ तारखेच्या रात्री दोन मुलं नि सासूला घेऊन निघालेल्या बाईला गाडीभाड्याला नि दुसऱ्या गावच्या खोलीला जे पाच-दहा हजार लागतात त्याचं काय? ते उसने घ्यायचे. आणि ज्याचं घर पडलंच नाही पण महिनाभर धंदा बंद राहिला त्याचा पंचनामा कशाचा करणार.

आपल्या देशात तर हे युक्रेनपेक्षा सोपं आहे हो. खाती आहेत, आधार जोडलेलं आहे, सीमेवरच्या पाच जिल्ह्यांत चौदा हजारांहून जास्त बंकर मंजूर केले तेव्हा सरकारला कोणती गावं तोफेच्या टप्प्यात येतात ते माहीत होतंच ना. त्या गावांतली घरं आधीच नोंदवून ठेवा, निघायचा हुकूम आला की त्याच संध्याकाळी ठरलेली रक्कम खात्यात, कसला अर्ज नको. आणि ज्या गावात लोक जाणार तिथे मायक्रो एटीएमवाले, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनवर पैसे देणारे, बँक मित्र नि शंभर-दोनशेच्या नोटांचा साठा तयार, पाचशेच्या नकोत, जांभळी नाका आठवा. आणखी एक, हे मी काउंटरवरून सांगतेय, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला येणाऱ्या बायकांची बोटं मशीन ओळखत नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा गेलेल्या. बाई बोट पदराला पुसते, परत लावते, परत लाल दिवा, मागची रांग कुरकुरते, आणि ती बिचारी आपलंच काहीतरी चुकलं अशा चेहऱ्याने बघते. तेव्हा अंगठ्यावर सगळं टांगून ठेवू नका, सरपंचाने ओळखलं तरी चालेल असा नियम त्या दिवसांपुरता असू द्या. दोन-चार खोटे घेऊन जातील. जाऊ देत.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या मे महिन्यात कोणीतरी लगेच टाकलं होतं, ब्लँकेट जमा करूया, जम्मूला पाठवूया. मे महिन्यात, जम्मूला! तिथलं ऊन बघितलंय का. मी रोख जमवायला सांगितलं तर निम्मे लोक गप्प झाले, ब्लँकेट द्यायला सगळे तयार, पाचशे रुपये द्यायला विचार करतात. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. आपल्या बातमीदाराने माहितीच्या अधिकारात एवढंच विचारावं की त्या मे महिन्यात पूंछ, राजौरी नि उरीतल्या घरांना पहिला पैसा हातात पडायला किती दिवस लागले. रक्कम विचारू नका, ती जाहिरातीत असतेच, दिवस विचारा. आणि उत्तर आलं तर आतल्या पानावर कोपऱ्यात टाकू नका.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
चरई, ठाणे (प.)